एकाच दिवसाचे दोन अंदाज

पिनालच्या घाटात फोनला रेंज नाही. त्यामुळे तिथे कुणी गाडी कडेला लावून उभं दिसलं, की थांबून विचारायचं, असा त्या भागातला न लिहिलेला नियम आहे. डेलफिना आव्हिला थांबली ती त्या नियमापोटी. एरवी तिला त्या दुपारी जराही सवड नव्हती. गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राचा एक सुटा भाग आणायला ती सकाळीच खाली किनाऱ्यावर, मोरेना बे या गावी गेली होती. दुकानदाराने भलताच भाग गळ्यात मारला, तो बदलून घेण्यात अर्धा दिवस गेला, आणि मे महिन्याच्या त्या गार, चिकट धुक्यात नाक गळायला लागलं ते वेगळंच.

माथ्यावर एक निळी गाडी उभी होती. शेजारी एक उंच, किडकिडीत तरुण. अंगात जाड लोकरी स्वेटर, गळ्याभोवती मफलर. एक हात पुढे पसरून तो हवेत बोटं हलवत होता… अगदी हळू, कुणाला तरी जागं न करता चाचपावं तशी.

"गाडी बंद पडली का?" काच खाली करून तिने विचारलं.

"नाही, नाही. गाडी ठीक आहे."

"मग?"

"धुकं कुठे संपतं ते बघतोय." त्याने दोन पावलं मागे टाकली. "इथे हात ओला होतो…" मग दोन पावलं पुढे. "आणि इथे नाही!"

तो इतका खूश दिसत होता की फिनाचा राग थोडा निवळला. तिला घरीदारी सगळे फिनाच म्हणत.

"ते रोज जागा बदलतं," ती म्हणाली. "काल पार खाली, त्या वाकलेल्या ओकच्या झाडापर्यंत उतरलं होतं."

"काल? किती वाजता?" त्याने खिशातून वही काढली.

फिना सव्वीस वर्षांची होती. त्या घाटातून ती हजार वेळा तरी गेली असेल. पण धुकं किती वाजता उतरलं, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, तिला ते माहीत होतं.

"साडेसहा. गाई दोहून झाल्या होत्या."

त्याने ते लिहून घेतलं. मग ओशाळं हसून त्याने सांगितलं, की तो मोरेना बेच्या हवामान कचेरीत कामाला आहे, मार्चमध्ये नेब्रास्काहून आलाय, आणि गेल्या दोन महिन्यांत त्याने सूर्य मोजून चारदा पाहिलाय. "रोज पहाटे मी लिहितो… किनाऱ्यावर धुकं, आतल्या खोऱ्यांत स्वच्छ ऊन. आणि आतलं एकही खोरं मी अजून पाहिलेलं नाही."

फिना गाडीतून खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे ते लिहिणारे तुम्ही? 'खोऱ्यांत हलके वारे'? गेल्या मंगळवारी त्या हलक्या वाऱ्याने आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर नेलं!"

तो कानापर्यंत लाल झाला. "मंगळवारी… मीच होतो."

"उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही."

"म्हणून तर आज खाली उतरलोय," तो म्हणाला.

फिनाला हसू आवरलं नाही. "चला माझ्या मागून. ऊन दाखवते."

घाट उतरायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात हवा तेरा अंशांवरून बत्तिसावर जाते. सान आबेल खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून तिथला माणूस गाडीत कोटही ठेवतो आणि टोपीही. मागच्या निळ्या गाडीतल्या बिचाऱ्याला ते कोण सांगणार? तिसऱ्या वळणावर मफलर गेला. चौथ्यावर सगळ्या काचा खाली आल्या. पाचव्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर गाडी थांबवून तो डोक्यावरून स्वेटर ओढत होता आणि स्वेटर काही निघत नव्हता. आरशातून बघणाऱ्या फिनाने सगळा घाट हसत संपवला.

आव्हिलांच्या फाटकापाशी तो उतरला तेव्हा त्याचे केस उभे राहिले होते. समोर साठ एकर ओट, चाऱ्याच्या गवतासाठी पेरलेले, कमरेएवढे वाढले होते, आणि वारा आला की त्यांचा हिरवा रंग रुपेरी व्हायचा. टोपी नाही, काळा चष्मा नाही, डोळे बारीक करून तो नुसता बघत राहिला.

"नाव तरी सांगा," फिना म्हणाली. "बाबांना काय सांगू, घाटातून कुणाला धरून आणलं?"

"मायलो. मायलो व्हावरा."

"मायलो?" तिने ओठ दाबले. "मायलो म्हणजे ज्वारी ना? जनावरांना घालतात ती?"

"आमच्याकडे माणसं पण खायची… पूर्वी."

"बाबा!" तिने ओसरीकडे बघून हाक दिली. "ज्वारी आलीये आपल्याकडे!"

ओसरीवर वेताच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून सेराफिम आव्हिला बसले होते. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून त्यांचे आजोबा आले, तेव्हापासूनचं हे रान. म्हाताऱ्याकडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नाक भाजेल याचं."

संध्याकाळपर्यंत भाजलंच.

त्या वर्षी फिनाच्या जिवाला एकच घोर होता. हिवाळ्यात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॅक्टर सुटला. ओसरीच्या टेबलाच्या खणात द्राक्षमळेवाल्या कंपनीचा करार येऊन पडला होता, पंचवीस वर्षांचा. सही केली, की ओट जाऊन तिथे द्राक्षांच्या तारा येणार होत्या. बाबांनी इतकंच सांगितलं होतं, "या वर्षीची कापणी तुझी. कधी कापायचं, कधी बांधायचं, तू ठरव. मी बोलणार नाही. झाल्यावर बघू, खण उघडायचा की नाही."

गवत कापणं सोपं असतं. कधी कापायचं, यात सगळं आलं. दाणा नखाने दाबला की पांढरं दूध यावं, तेव्हा कापायचं. त्याआधी कापलं तर कस नाही, नंतर कापलं तर नुसत्या काड्या. कापून ते आठवडाभर रानात पसरून वाळवायचं, आणि त्या आठवड्यात पावसाचा एक शिंतोडाही चालत नाही. गवत काळं पडतं, बुरसतं. शेवटी गठ्ठे बांधायचे तेही भल्या पहाटे, घाटातून उतरलेल्या धुक्याचं दव पानावर असताना, नाहीतर पाला झडून जातो. ज्या समुद्राच्या नावाने खोऱ्यातली माणसं बोटं मोडतात, त्याचंच चिमूटभर पाणी शेवटी हवं असतं.

पुढच्या रविवारी मायलो परत आला. या वेळी डोक्यावर टोपी, नाकावर पांढरं मलम आणि गाडीत पावसाचं मोजपात्र आणि तापमापकाची जाळीदार पेटी होती. सान आबेलमधल्या नोंदी कुणीच देत नाही, असं तो म्हणाला. रोज सकाळी सात वाजता फोन करून तीन आकडे सांगायचे. कमाल, किमान, पाऊस.

"आणि मला काय मिळणार?" फिनाने विचारलं.

"एक प्रमाणपत्र येतं… पाच वर्षांनी."

"पाच वर्षं तुम्ही इथे राहणार?"

त्याने पेटीचा खिळा ठोकता ठोकता वर पाहिलं. "तोपर्यंत धुकं संपतं कुठे ते तर कळायला हवं."

पेटी बसवायला अर्धा तास पुरला असता. त्याला तीन तास लागले, आणि त्यातले दोन फिनानेच लावले.

मग सुरू झाली ती सात वाजताची गोष्ट.

"कमाल तेहतीस, किमान अकरा, पाऊस शून्य," ती सांगायची.

"धुकं?"

"ते तुमच्या यादीत नाही."

"माझ्या यादीत आहे."

"वाकलेल्या ओकच्या वर, दोन शेतं सोडून. सव्वासहाला."

आणि मग ती रेडिओवर ऐकलेला अंदाज त्याच्याच आवाजाची नक्कल करत त्याला ऐकवायची. "'किनाऱ्यावर रात्री व सकाळी धुकं, दुपारनंतर अंशतः ऊन. आतल्या खोऱ्यांत निरभ्र.' काल हेच होतं. परवा हेच. तुम्हाला पगार कशाचा देतात हो?"

"रोज तेच लिहायचा धीर लागतो, त्याचा."

"कंटाळा नाही येत?"

"पूर्वी यायचा," तो म्हणाला. "आता सात वाजतात ना."

फिनाच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. तिने काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, पण नेमका त्या दिवशी एकही सापडेना. "ठेवते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. ओसरीवरून बाबांनी विचारलं, "पाऊस किती?" त्यांनी असं विचारायचं काहीच कारण नव्हतं. महिन्याभरात एक थेंब पडला नव्हता.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. वादळ, गडगडाट, असलं काही झालं नाही. रोजचं तेच धुकं, तेच ऊन, तेच तीन आकडे. पण फिना साडेसहापासूनच फोनपाशी घुटमळायला लागली, आणि रविवारी निळी गाडी घाट उतरायची ती गवताचा रंग बघायला, असं गाडीचा मालक सांगायचा. दोघं बांधावरून चालत. तो दाणे दाबून बघायचा. "अजून पाणीच आहे."

"दूध यायला दहा दिवस. तू तुझे ढग बघ, माझं गवत मी बघते."

"आमच्याकडे बायका एवढ्या भांडकुदळ नसतात."

"मग आलास कशाला इकडे? जा की परत ज्वारीत."

तो गेला नाही. उलट त्या दिवशी जेवायला थांबला. फिनाने त्याला सणाचं सांगितलं. पेंटेकोस्टच्या रविवारी सगळं खोरं सभागृहात जमतं, मोठमोठ्या पातेल्यांत पावावर ओतायचा मांसाचा रस्सा शिजतो, सोपास म्हणतात त्याला, आणि त्या दिवशी दारात आलेल्या कुणालाही 'तू कोण' असं विचारायचं नसतं. बसवायचं आणि वाढायचं. "इदालिना आत्या असते वाढायला. नको म्हणणाऱ्याच्या ताटात ती दुप्पट घालते."

"मला चालेल," मायलो म्हणाला.

मे संपत आला आणि दाण्यात दूध आलं. नेमकं त्याच वेळी समुद्रावर एक कमी दाबाचं क्षेत्र येऊन रेंगाळायला लागलं. वरच्या वाऱ्यांपासून तुटलेलं असं क्षेत्र म्हणजे दोर सुटलेलं वासरू, कुठे जाईल त्याचा नेम नाही. वर उत्तरेला गेलं तर काही नाही, खाली दक्षिणेला गेलं तरी काही नाही, आणि सरळ आत शिरलं तर गुरुवारी खोऱ्यात पाऊस. कचेरीच्या अंदाजात 'शक्यता तीस टक्के' आलं.

सोमवारी सकाळी फिनाने तीन आकडे सांगितले आणि म्हणाली, "मी आज कापायला घेऊ का?"

"तीस टक्के…"

"टक्के रेडिओवर ऐकले. तुझं मत सांग."

पलीकडे कागद पुन्हा पुन्हा उलटल्याचा आवाज आला.

"थांब," तो शेवटी म्हणाला. "कापू नकोस, फिना. आठवडाभर थांब."

"नक्की?"

"नक्की असं काही नसतं. पण थांब… माझं ऐक."

तिने ऐकलं. ट्रॅक्टर शेडमध्येच राहिला. दुपारी शेजारच्या लेओनेल बेतेंकूर्टच्या रानात कापणीचं यंत्र फिरायला लागलं आणि कापलेल्या ओटांचा गोड वास कुंपणावरून येत राहिला. बाबांनी त्या रानाकडे पाहिलं, मग फिनाकडे पाहिलं. शब्द दिला होता, म्हणून तोंड उघडलं नाही.

गुरुवार आला. आभाळात कापसाच्या बोटाएवढा पांढरा ढगही नव्हता. ते क्षेत्र खाली मेक्सिकोच्या बाजूला निघून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ डोंगरावरून उलटा, भट्टीतल्यासारखा वारा सुटला. तीन दिवस एकोणचाळीस अंश. लेओनेलचं कापलेलं गवत त्या वाऱ्यात झटपट वाळलं. फिनाचं उभं गवत उभ्या उभ्या पिवळं पडलं. चौथ्या दिवशी तिने दाणा दाबला तेव्हा दूध नव्हतं, नुसतं पीठ होतं. दरवर्षी गवत नेणारा गोठेवाला आला, एक काडी चावून बघितली आणि ती हळूच बांधावर टाकून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, पोरी."

ती हे गिळायला तयार होती. अंदाज चुकतात. तीस टक्क्यांना सत्तर टक्के बाजू असतेच. पण संध्याकाळी लेओनेल कुंपणाशी आला आणि म्हणाला, "आमचं उरकलं हो. तुमच्या त्या पोराला एक बाटली पाठवायला हवी."

"कुठल्या पोराला?"

"हवामानवाल्या. सोमवारी दुपारी फोन केला होता मी. म्हणाला, तीस टक्के आहे, पण मी तुमच्या जागी असतो तर कापलं असतं. कापलं!" आणि शीळ घालत तो गेला.

फिना कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. सोमवारी सकाळी तिला सांगितलं, थांब. त्याच सोमवारी दुपारी लेओनेलला सांगितलं, काप. आभाळ तेच, आकडे तेच, माणूसही तोच. तिला रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती म्हणाली, "कमाल पस्तीस, किमान सतरा, पाऊस शून्य. सोमवारी लेओनेलला काय सांगितलंस?"

"…कापा म्हणून."

"आणि मला?"

"थांब म्हणून."

"का?"

त्याच्या मागे कचेरीतले फोन वाजत होते, कुणीतरी हसत होतं. "हे… असं फोनवर नाही सांगता यायचं, फिना."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या सकाळी फोन एका बाईने उचलला. मायलोने पाळी बदलून घेतली होती, आता तो दुपारनंतर येत होता. फिनाने त्या बाईला तीन आकडे दिले. धुक्याचं तिने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. सगळ्या उन्हाळ्यात त्या दिवसाइतका लांब दिवस गेला नसेल. माणूस चुकला असता तर ती दोन दिवस भांडून मोकळी झाली असती. पण हा चुकला नव्हता. त्याला खरं ठाऊक होतं आणि ते त्याने दुसऱ्याला दिलं, हे तिला आतून कुरतडत होतं. आणि एवढं असूनही सात वाजले की हात फोनकडे जायचा, याची तिला स्वतःचीच चीड यायची.

तिने गवत कापलं, वाळवलं, चार पहाटे दवात भिजून गठ्ठे बांधले. मांसाच्या जनावरांसाठी कुणीतरी ते पडत्या भावाने नेलं. घरी आल्यावर बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"थांबायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," फिना म्हणाली. "माझं मीच ठरवलं."

बाबांनी टेबलाच्या खणाकडे पाहिलं आणि काठी टेकत आत गेले.

पेंटेकोस्टच्या रविवारी मिरवणूक झाली, पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट चर्चमधून सभागृहात आला, आणि लांबलचक टेबलांवर पातेली फिरायला लागली. पुदिन्याचा आणि दालचिनीचा वास सगळीकडे दाटला होता. फिना पावाच्या परड्या वाटत होती. तिने मान वर केली तर दारात तो उभा होता. पांढरा शर्ट, हातात टोपी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

तिने परडी घट्ट धरली. त्याला हाकलून द्यावं असं वाटलं, आणि हाकलल्यावर तो गेलाच तर काय, असंही वाटलं. पण त्या दिवशी कुणाला दारातून परत पाठवत नाहीत. इदालिना आत्याने त्याचा दंड धरला, जिथे एक खुर्ची रिकामी होती तिथे नेऊन बसवला आणि ताट पुढे सरकवलं. ती खुर्ची नेमकी सेराफिम आव्हिलांच्या समोरची होती.

म्हाताऱ्याने दोन घास शांतपणे खाल्ले. मग काठीने जमिनीवर एक टकटक केली.

"माझ्या पोरीला थांबायला तू सांगितलंस का?"

आजूबाजूचे चमचे थांबले. लेओनेलचाही थांबला.

"हो," मायलो म्हणाला.

"बाबा, मी सांगितलं ना तुम्हाला, मी ठरवलं होतं!" फिना टेबलापाशी आली. "रान माझं होतं. ऐकायचं की नाही, ते माझ्या हातात होतं. त्याचा काय संबंध?"

"संबंध आहे," मायलो उठून उभा राहिला. "मीच सांगितलं. आणि चुकीचं सांगितलं."

"तू गप्प बस!"

"तू गप्प बस, फिना. मला एकदा बोलू दे."

"एका गवताला दोन चोर," इदालिना आत्या पुटपुटली आणि तिने मायलोच्या ताटात आणखी एक पळी ओतली.

"आणि मला मात्र काप म्हणालास," लेओनेल गोंधळून म्हणाला. "का बरं?"

मायलोने टेबलाची कड धरली. तो बोलत होता लेओनेलशी, पण बघत होता फिनाकडे.

"कारण तुमचं गवत भिजलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, बस. आकडे सत्तर टक्के कोरडं म्हणत होते, ते मी तुम्हाला सरळ सांगितलं. तिने विचारलं… तेव्हाही समोर तेच आकडे होते. पण मला ते दिसेचनात. मला फक्त ती काळ्या पडलेल्या गवतात उभी दिसत होती. तीस टक्क्यांचे माझ्या डोळ्यांसमोर शंभर झाले. मी घाबरलो. आठ वर्षं हे काम करतोय, इतका कधी घाबरलो नव्हतो. त्या सकाळी मी अंदाज दिलाच नाही, फिना. माझ्या भीतीलाच मी अंदाज म्हणालो. तुझ्या जागी दुसरं कुणीही असतं, तर मी बरोबर सांगितलं असतं."

फिनाच्या हातातली परडी तिरकी झाली आणि दोन पाव टेबलावर घरंगळले. हा लेओनेलशी खरं बोलला होता आणि तिच्यापाशी खोटं, आणि त्या खोट्यात जे होतं ते आजवर तिला कुणी दिलं नव्हतं.

"पाळी का बदललीस मग?" तिचा आवाज चिरका आला.

"तू पुन्हा विचारलं असतंस. आणि मी पुन्हा चुकलो असतो."

सेराफिम आव्हिलांनी घरंगळलेला एक पाव उचलला, मोडला आणि रश्शात बुडवला.

"फिना," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कुणाला विचारशील?"

तिने विचार केला. खरंच केला, कारण हा प्रश्न पावाचा नव्हता, साठ एकरांचा होता.

"सगळ्यांना विचारीन, बाबा. लेओनेलला, कचेरीला, तुम्हालाही. आणि मग दाणा दाबून माझं मी ठरवीन. भिजलं तर माझं, वाळलं तर माझं."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मी पहिल्या वर्षी कुणाला न विचारता कापलं होतं. सगळं भिजलं. तुझ्या आजोबांनी मला दोन महिने टोमणे मारले आणि तिसऱ्या महिन्यात रान नावावर केलं." त्यांनी तोंड पुसलं. "तो करार उद्या परत पाठवतो. द्राक्षं मला तशीही पचत नाहीत."

मग ते मायलोकडे वळले. "आणि तू बस खाली. गार होतंय."

जेवणं उरकल्यावर फिना मागच्या दारी, पाण्याच्या हौदापाशी पातेली घासायला गेली. तो तिच्या मागून आला, बाह्या वर केल्या आणि न विचारता दुसरी घासणी उचलली. दोघांनी मिळून एक अख्खं पातेलं घासलं. टेकड्यांवर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं आणि हवा अगदी स्थिर होती.

"फिना," तो म्हणाला. "मी सगळ्या खोऱ्याला अंदाज देईन. तुझ्या रानाचा मात्र मला विचारू नकोस. तिथे माझा काही उपयोग नाही."

"नाही विचारणार."

"कधीच?"

"कधीच नाही. तुझा अंदाज मला नकोच आहे, मायलो." तिने हात थांबवले आणि त्याच्याकडे बघितलं. आता तिला टोमणा शोधायचाच नव्हता. "मला तू हवा आहेस."

त्याच्या हातातून घासणी पाण्यात पडली. तो ती उचलायला वाकला नाही. त्याने तिचे ओले हात आपल्या ओल्या हातात घेतले आणि तसाच उभा राहिला, आणि आतून इदालिना आत्या तिसरं पातेलं घेऊन आली तरी दोघांपैकी कुणीही बाजूला झालं नाही.